साधी, जलद आणि राहिलेली कुंडी

९ फेब्रुवारी, रविवार

निरोप समारंभात मिळालेल्या सगळ्या वस्तूंत ही डायरी तेवढी कामाची निघाली. आजवर कोरीच पडून होती. आजपासून लिहायलोय, कारण सांगायला दुसरं कुणी नाही.

उभी नोकरी गंगाखेडच्या बसस्टँडवर माईकसमोर गेली. 'परभणीकडे जाणारी जलद बस फलाट क्रमांक दोनवर लागली आहे.' माझा, म्हणजे रायभानचा, आवाज ऐकला की झोपलेला माणूस पिशवी उचलून पळायचा. माईकवर भाषा एकदम छापल्यासारखी. इथं आपला बोलतो तसा लिहितो.

विजयमाला दिवाळीच्या आधी पुण्याला गेली, पोरीच्या बाळंतपणाला. दोन महिन्यांत येते म्हणाली होती. मग अर्पिताची सुट्टी संपली, ती कामावर जायला लागली, आणि बाळ कुणी बघायचं म्हणून ही राहिली. बरोबरच आहे. नातवापुढं नवरा काय.

रोज जेवायच्या वेळेला हिचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला. "झाडांना पाणी घातलं का?" मी जेवलो का, हे दुसऱ्या नंबरला.

ही झाडं म्हणजे माझा सत्कार. शाल-नारळ नको, कुंड्या द्यायच्या, अशी नवी टूम निघालीय. सगळ्यांनी एकाच नर्सरीतून आणल्या. मी त्या फाटकाशी ठेवून आत आलो होतो. हिनंच एकेक उचलून हॉलमध्ये मांडल्या, पानं पुसली, कुठली कुणी दिली तेही लक्षात ठेवलं. तिचं स्वतःचं म्हणाल तर एकच. शेजारच्या कडूबाईच्या दारातून आणलेलं, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचं गवतासारखं काहीतरी, लोणच्याच्या फुटक्या बरणीत लावलेलं. मी त्याला पट्ट्यावालं म्हणतो.

ही झाडांशी बोलायची. पण कुजबुजत. घरात आवाज नको, हा माझा नियम. दिवसभर स्टँडचा कालवा ऐकून, ओरडून आलेल्या माणसाला घरी तरी शांतता नको का? रेडिओ बंद, टीव्ही बारीक. हिनं कधी कुरकुर केली नाही. समजूतदार बाई.

आता शांतता इतकी झालीय की फ्रीज सुरू झाला तरी दचकतो.

१३ फेब्रुवारी

पेन्शनच्या कामाला परभणीला गेलो आणि पाखरं घेऊन आलो. मायला, आपण असं काही करू असं सकाळी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो.

बाजारात पिंजरेवाला बसला होता. समोर नुसता कलकलाट. लोक कानावर हात ठेवून जायलेत आणि मी तिथंच उभा. स्टँडसारखं वाटलं. पोपट हाय का विचारलं तर म्हणाला, "न्हाई साहेब, पोपटाला बंदी हाय. हे लव्हबर्ड घ्या, बाहेरदेशाचे." जोडी घेतली. नाकावर निळं ते नर, तपकिरी ती मादी, एवढी माहिती त्यानं दिली आणि राळ्याच्या दाण्यांची पुडी दिली.

नर निळा आहे आणि एका जागी बसत नाही. त्याचं नाव जलद. मादी हिरवी, प्रत्येक दांडीवर थांबत थांबत जाती. ती साधी.

संध्याकाळी हिनं फोनवर ऐकलं. "हा कसला कालवा हो?" सांगितलं. मग म्हणाली, "तुमाला आवाज चालतो व्हय?"

म्हणालो, "हा आवाज न्हाई अगं, हे बोलणं हाय."

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज जीव टांगणीला लागला होता.

सकाळी पिंजरा उघडला, जरा मोकळं फिरू दे म्हणून. जलद भिंतीवर चढवलेल्या मनीप्लांटवर जाऊन बसला. लय शोभून दिसला. फोटो काढून हिला पाठवावा म्हणून मी मोबाइल शोधायलोय, तोवर त्यानं पानाचा कोपरा कुरतडून खाल्ला. मग चोच दांडीला घासायला लागला, मान झटकायला लागला, चोचीतून पाणी. अंग फुगवून एका कोपऱ्यात बसला. त्याच्यासारखा पक्षी एका जागी बसला म्हणजे प्रकरण गंभीर.

चपलेच्या खोक्याला भोकं पाडली आणि परभणीची बस धरली. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "साहेब, खोक्यातल्या पॅसेंजरचं अर्धं तिकीट फाडू का?" एरवी मी त्याला सोडला नसता. आज म्हणालो, "फाड बाबा, पण ड्रायव्हरला हळू घ्यायला सांग."

दवाखान्यात सगळ्या शेळ्या नि म्हशी. डॉक्टर मॅडम तरुण आहेत. त्यांनी जलदची चोच थेंबथेंब पाण्यानं धुतली, औषध दिलं. म्हणाल्या, "काका, वाचला. पान थोडंच खाल्लं त्यानं. या पानांत बारीक काटे असतात, डोळ्याला दिसत नाहीत. चावलं की तोंडात सुया टोचल्यासारखं होतं, सूज येते. इवलासा जीव, गळा किती असणार?" मग विचारलं, "घरात अजून कुठली झाडं?"

मी मोबाइलमधले सगळे फोटो दाखवले. हिनंच काढून ठेवलेले. मॅडम एकेकावर बोट ठेवत गेल्या. मनीप्लांट नको. मोठ्या ठिपकेदार पानांचं तर अजिबात नको. बाणाच्या आकाराच्या पानांचं नको. पांढऱ्या फुलाचं नको. डेपोनं प्रेमानं दिलेलं एक झाड धड नाही! शेवटी बरणीतल्या पट्ट्यावाल्यावर बोट आलं. म्हणाल्या, "हे ठेवा. हे कुरतडलं तरी काही होत नाही."

सगळ्या सत्कारात हिचं फुकटचं तेवढं पास झालं.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी अजून काय काय सांगितलंय. पाखरं बाहेर असली की पंखा बंद. अगरबत्ती नको, धूप नको, मच्छरची कॉइल तर नकोच नको. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याचा धूर वास न येता पाखरांना मारतो. हिनं हौसेनं घेतलेला तवा होता. तडक कडूबाईला देऊन टाकला. कडूबाई म्हणाली, "आवं, विजयमालाला विचारलं का?" म्हणालो, "पाखरांपेक्षा तवा मोठा हाय का?"

कॉइल मी लग्नापासून लावतो. हिला खोकला यायचा, रात्री उठून गॅलरीत जाऊन बसायची. पण गोदाकाठचे मच्छर, करणार काय? आता मात्र सगळ्या खिडक्यांना जाळी बसवून घेतली. एका दिवसात काम झालं. मच्छर नाही, धूर नाही. आधी कसं सुचलं नाही कुणास ठाऊक.

८ मार्च

झाडं आणि पाखरं एका फलाटावर येता कामा नयेत. म्हणून वेळापत्रक केलंय. सगळ्या कुंड्या मागच्या खोलीत, दार बंद. सकाळी पाखरं पिंजऱ्यात, तेव्हा झाडांना पाणी. दुपारी चारला झाडांचं दार बंद आहे का बघायचं, पंखा बंद, मग पिंजरा उघडायचा. मी घोषणाही करतो. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. साधी आणि जलद, दोन्ही गाड्या हॉलच्या दिशेने सुटत आहेत." जलद माझ्या चष्म्यावर येऊन बसतो. साधी खांद्यावर. माझा आवाज आला की दोघं माना वाकड्या करून ऐकतात. स्टँडवर इतकं मन लावून कुणी ऐकलं नसेल.

हिला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. बराच वेळ मीच बोलत होतो. कुठलं झाड विषारी, कुठलं नाही, पट्ट्यावालं तेवढं चालतं, सगळं. शेवटी म्हणाली, "लय बोलायला लागलात तुमी." मला बरं वाटलं.

मग म्हणाली, "मागच्या खोलीत ऊन येत न्हाई."

"खिडकी हाय की."

"तिच्यासमोर भिंत हाय," म्हणाली. मला माहीत नव्हतं. त्या खोलीत मी कशाला जातो?

मागून कुणीतरी बायका हसत होत्या. तिकडं सोसायटीत हिच्या मैत्रिणी झाल्यात. भजनाला जाती, मेट्रोत एकटी बसती. इथं असताना फाटकाबाहेर जायची नाही. पुण्याच्या हवेचा परिणाम.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी एकट्यानं उभारली. साडी नेसवायची हिला जमती, माझी सारखी घसरत होती. कडूबाई पुरणपोळी घेऊन आली. बाई सत्तरीची आहे, तोंडाला लगाम नाही.

म्हणाली, "बाईला बोलवा की आता."

"तिकडं गरज हाय तिची."

"आन् तुमाला न्हाई व्हय?"

"मी काय लहान हाव?"

ती गेल्यावर पुरणपोळी खायला बसलो. समोरचा पाट रिकामा. खरं सांगायचं तर सणावाराला लय एकटं वाटायलंय. तोंडापर्यंत आलं होतं, संध्याकाळी फोनवर सांगावं. पण हिनं झाडांचं विचारलं, मी घातलं म्हणालो, बाळ रडायला लागलं आणि फोन बंद झाला. पिंजऱ्याजवळ जाऊन बसलो. जलदला सांगितलं. तो राळं सोलत होता.

१२ एप्रिल, शनिवार

ही आली. न कळवता, रेल्वेनं.

मी स्टँडवर गेलो होतो. अजून जातो कधी कधी, माझी खुर्ची लांबून बघून येतो. घरी आलो तर कुलूप उघडं. आत गेलो आणि बघतच राहिलो. सगळ्या कुंड्या हॉलमध्ये, पहिल्यासारख्या मांडलेल्या, ओल्या. ही खाली बसून फडक्यानं पिवळी पडलेली पानं पुसत होती. डोळे लाल. मला बघून म्हणाली, "किती सुकवलीत हो." एवढ्यात माझं लक्ष पिंजऱ्याकडं गेलं. तिनं तो सरकवून खिडकीशी ठेवला होता, आणि शेजारी ते ठिपक्यांचं झाड. एक पान गजांतून आत गेलेलं, काठ कुरतडलेला. साधी खाली, पिंजऱ्याच्या तळाला, अंग फुगवून.

मी ओरडलो. माईक नव्हता, तरी अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "मारलंस! तुझ्या झाडापायी माझं पाखरू मारलंस! आलीस कशाला तू?"

कडूबाई धावत आली. हिनं फडकं बाजूला ठेवलं, हात धुतले, साधीला अलगद ओंजळीत घेतलं. मी मॅडमना फोन लावला, त्या सांगतील तसं मी सांगत गेलो आणि ही करत गेली. पाण्याचा थेंब, चोच पुसायची, पुन्हा थेंब. हिच्या हातून एक थेंब सांडला नाही. साधी पदराच्या उबेला डोळे मिटून पडून राहिली. मला तर कधी एवढा वेळ हातात धरू दिलं नाही तिनं.

१४ एप्रिल

साधीनं आज दाणे खाल्ले. कोथिंबिरीची काडीही ओढली. वाचली. मी देवापुढं साखर ठेवली, अगरबत्ती लावली नाही.

हिला म्हणालो, "बघ, वाचली." म्हणाली, "हौ." कुंड्या तिनंच परत मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या. मी रागाच्या भरात बोललो ते ती विसरली असणार. ती मनात ठेवणारी नाही.

१७ एप्रिल

मी बघितलं, ही खिडकीशी उभी राहून जाळीवर बोट फिरवत होती.

"ही कधी बसवली?"

"फेब्रुवारीत. पाखरांना कॉइलचा धूर चालत न्हाई."

"असं व्हय," म्हणाली. परत एकदा जाळीवर बोट फिरवलं. जाळीचं काम खरंच सुबक झालंय.

चारला मी नेहमीप्रमाणं घोषणा केली. पाखरं आली. आज बघायला माणूस होतं, तर मीही जरा रंगात आलो. जुन्या स्टँडच्या गमती सांगितल्या, एक म्हातारी बोकड घेऊन जलद गाडीत चढली होती ती गोष्ट सांगितली, दोघांशी गप्पा मारल्या. ही स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातानं उभी होती.

"रोज बोलता का असं?"

"रोज. बोललं न्हाई तर सुकतात गं बिचारी."

"हौ," म्हणाली. "सुकतात."

मग भाकरी करायला आत गेली. त्या बोकडाच्या गोष्टीला हसली मात्र नाही. नंतर आठवलं, ही गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती.

१८ एप्रिल

जेवताना म्हणाली, "झाडं मी पुण्याला नेते. अर्पिताच्या गॅलरीत ऊन चांगलं हाय. तुमच्या पाखरांना बी घर मोकळं व्हईल."

डोकं आहे बाईला. किती सोपा उपाय, आणि मी वेळापत्रकं करत बसलो. विचारलं, "तू कधी येणार मग?"

"बाळ चालायला लागू द्या."

"आन् मग?"

"मग पळायला लागंल," म्हणाली आणि ताट उचललं.

२० एप्रिल, रविवार

जावईबापू योगीराज गाडी घेऊन आले आणि दुपारी निघालेही. मागची सीट पाडून कुंड्या भरल्या. मी फलाटावर उभं राहावं तसा फाटकात उभा राहून सांगत होतो, हे इकडं, ते आडवं नको. हिनं मोठं ठिपक्यांचं मांडीवर घेतलं. गाडी सुरू झाली तेव्हा म्हणाली, "जेवत जावा वेळेवर." पहिल्यांदाच माझं जेवण पहिल्या नंबरला आलं. मला हसू आलं.

गाडी वळली. हात हलवायचा राहिला.

२१ एप्रिल

आता घर पाखरांसाठी पूर्ण सुरक्षित आहे. मॅडमना फोन करून सांगितलं, त्याही खूष झाल्या. विषारी पान नाही, धूर नाही, तवा नाही. पिंजऱ्याचं दार दिवसभर उघडं. घोषणेची गरज उरली नाही.

हॉलच्या फरशीवर कुंड्यांचे गोल गोल डाग राहिलेत. फडक्यानं घासले, निघत नाहीत. जलद मनीप्लांटच्या रिकाम्या खिळ्यावर जाऊन बसतो.

२४ एप्रिल

फोन आला नाही. कालही नव्हता, परवाही नव्हता. उन्हानं नेटवर्कला काही झालं असेल म्हणून मोबाइल बंद करून चालू केला. कडूबाईला मिसकॉल द्यायला लावला, वाजला. म्हणजे मोबाइल ठीक आहे.

मग लक्षात आलं, ती विचारणार तरी काय? झाडं तर तिच्यापाशीच आहेत.

मी लावू का फोन? लावून काय म्हणू? पाखरं बरी आहेत, एवढंच आहे माझ्याकडं. नंबर काढला आणि परत खाली ठेवला. हा माणूस दिवसभर माईकवर बोलायचा हे आता कुणाला खरं वाटणार नाही. जेवलो नाही आज. करमत नाही, अजिबात करमत नाही. दोघं पाखरं बोलत असतात, पण एकमेकांशी. हे आजवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

कूलरचं गवत शोधायला मागच्या खोलीत गेलो. झाडं गेल्यापासून तिकडं फिरकलो नव्हतो. खिडकीत बघतो तर पट्ट्यावालं! तीच लोणच्याची फुटकी बरणी. धुऊन पुसून, कोपऱ्यात बरोबर तिथं ठेवलेली, जिथं भिंतीवरून सकाळची एवढीशी तिरीप तेवढी उतरते.

विसरली. जावई बोलवला, गाडी भरली आणि स्वतःचं झाड विसरली! लग्न झाल्यापासूनची खोड आहे, निघताना एक वस्तू मागं राहणारच. बरं राहिलं तेही असलं की पाखरांना चालतं, नाहीतर माझी पंचाईत होती. उचलून हॉलमध्ये आणलं, डागावर ठेवलं. साधी लगेच येऊन पट्टी ओढायला लागली. ओढू दिली.

संध्याकाळी जेवायच्या वेळेला फोन वाजला. हातातला घास तसाच ठेवून उठलो.

"पट्ट्यावाल्याला पाणी घातलं का?"

"घातलं."

"खोटं बोलू नका. मातीत बोट घालून बघा."

फोन धरूनच बोट घातलं. माती कोरडी ठाक. तिनं फोन ठेवला नाही. तसाच तांब्या आणला, पाणी घातलं, बरणीतून बुडबुड आवाज आला तो तिला तिकडं ऐकू गेला असणार. मग तिनं जेवलात का विचारलं. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, जेवा मग. आणि मी म्हणालो, थांब जरा, तुला त्या बोकडाची गोष्ट नीट सांगायची राहिलीय. तिनं ऐकली. शेवटी हसली का ते कळलं नाही, जलदनं लय कालवा केला होता.

आता एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. कुंडी राहिलीय हे मी तिला सांगितलंच नव्हतं. हिला कसं कळलं? उद्या फोन आला की विचारतो.